पानिपतचा अभ्यास मूळ कागदांवरून करताना पत्रे, बखरी आणि काशीराज यांचा मेळ कसा घालावा?

वाटसरू

नमस्कार. पानिपतच्या तिसऱ्या लढाईविषयी आजवर जे काही वाचले, ते बहुतेक कादंबऱ्यांतून आणि त्या कादंबऱ्यांवर पोसलेल्या लेखांतून. आता आमच्या वाचनगटाने ठरवले आहे की, काही काळ नंतरचे ग्रंथ बाजूला ठेवून केवळ मूळ साधनेच वाचायची. त्यानुसार राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ साली निघालेला पहिला खंड, सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांपैकी पानिपत प्रकरणाचा दुसरा खंड, भाऊसाहेबांची बखर आणि शुजाउद्दौल्याच्या गोटातून लढाई पाहिलेल्या काशीराजाच्या फारसी वृत्तांताचे भाषांतर अशी सामग्री जमवली आहे.

अडचण अशी की, ही सगळी साधने समोर ठेवल्यावर एक लढाई दिसण्याऐवजी चार निरनिराळ्या लढाया दिसू लागतात. बखरीत फौजेचे आकडे लाखांच्या घरात जातात. काशीराज मराठ्यांकडे ५५,००० घोडदळ, १५,००० पायदळ आणि २०० तोफा होत्या असे सांगतो. पत्रांमध्ये सदाशिवरावभाऊ सतत पैसा, धान्य आणि बातमी मागताना दिसतात. पण १४ जानेवारी १७६१ या दिवशी रणांगणावरून लिहिलेले, लढाईचे वर्णन करणारे एकही पत्र आम्हाला आढळले नाही.

दुसरा प्रश्न अंतर्वेदीतले (गंगा-यमुनेमधल्या मुलखातले) पेशव्यांचे मामलतदार गोविंदपंत बुंदेले यांच्याविषयी आहे. भाऊंनी त्यांना लिहिलेली पत्रे ओळीने वाचली की, पंतांनी वेळेवर रसद आणि पैसा पोचवला असता तर पुढचा प्रसंग टळला असता, असे मत आपोआप होते. राजवाड्यांनीही त्यांच्यावर मोठा ठपका ठेवला आहे. मूळ पत्रांतूनच निघालेला हा निष्कर्ष निर्विवाद मानावा का? आणि साधने परस्परविरोधी बोलू लागली की शब्द कोणाचा प्रमाण मानावा?

दप्तरदार

आपण विचारलेला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळाले की पहिलाही बराचसा सुटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पत्र वाचताना त्यात काय लिहिले आहे हे आपण पाहतो. पण ते आपल्यापर्यंत का पोचले, हे सहसा विचारत नाही. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते ज्याला मिळाले त्याच्या दफ्तरात राहते. भाऊंनी गोविंदपंतांना पाठवलेली पत्रे पंतांच्या बाजूला राहिली, म्हणून ती टिकली आणि छापली गेली. गोविंदपंतांनी जी उत्तरे पाठवली असतील, जे हिशेब दिले असतील, ज्या अडचणी कळवल्या असतील, ते सारे कागद भाऊंच्या छावणीत जाऊन पडले असणार; आणि ती छावणी १४ जानेवारीच्या संध्याकाळी लुटली गेली. म्हणजे आपल्यासमोर असलेला पत्रव्यवहार हा मुळात संवाद होता, पण आता त्यातली एकच बाजू ऐकू येते, आणि ती तक्रार करणाऱ्याची आहे. फिर्यादीची कैफियत शाबूत राहावी आणि प्रतिवादीची जळून जावी, अशा मुकदम्याचा निकाल जितक्या सावधपणे द्यावा लागेल, तितक्याच सावधपणे ही पत्रे वाचावी लागतात.

याचा अर्थ भाऊंची तक्रार खोटी होती असा नाही. १७६० च्या पावसाळ्यात यमुना उतरण्यासाठी नावा जमवा, अंतर्वेदीतला वसूल पाठवा, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळणार नाही असे पाहा, शत्रूच्या पाठीमागचा मुलूख मारून त्याची रसद तोडा, असा तगादा या पत्रांत पुनःपुन्हा येतो आणि त्यातली तळमळ खरी आहे. मात्र एका मामलतदाराकडून एकाच वेळी किती कामांची अपेक्षा होती, तेही याच पत्रांतून दिसते. ज्या अंतर्वेदीतून वसूल आणायचा, तेथेच अब्दालीचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान आणि स्वतः अब्दाली यांचा वावर होता. शेवटी गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये शत्रूची रसद तोडण्याच्या याच मोहिमेवर असताना मारले गेले, ही गोष्टही त्या ठपक्याशेजारी ठेवली पाहिजे. राजवाड्यांचा निष्कर्ष पुढच्या सर्व अभ्यासकांनी मान्य केलेला नाही, आणि माझ्या मते तो या कागदांना पेलणाराही नाही. पत्रे उशीर सिद्ध करतात. हेतू सिद्ध करत नाहीत.

आता लढाईच्या दिवशीचे पत्र का सापडत नाही, याविषयी. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. तो दिल्ली आणि मराठ्यांची छावणी यांच्या मध्ये बसल्यावर दक्षिणेकडचा टपालाचा रस्ता धोक्यात आला. त्यामुळे उन्हाळा आणि पावसाळा यांतील पत्रे जितकी दाट आहेत, तितकी पुढच्या दोन-अडीच महिन्यांची नाहीत. जासूद पकडले जात होते, पत्रे मध्येच अडकत होती आणि शत्रूच्या हाती पडतील या भीतीने त्यांत लिहिलेही कमी जात होते. छावणीतली उपासमार जसजशी वाढली, तसतसे तिच्याविषयीचे छावणीतले कागद कमी होत गेले. साधनांमधली ही शांतता म्हणजे पुराव्याचा अभाव नव्हे. कोंडी किती पक्की झाली होती, याचाच तो एक दाखला आहे.

म्हणून मी असे म्हणेन की, पानिपतकडे जाणारा रस्ता पत्रांवरून अभ्यासावा आणि पानिपतचा दिवस आठवणींवरून अभ्यासावा. ही दोन निराळी कामे आहेत आणि दोन्हींना एकच माप लावू नये. स्वारीचा खर्च, दिल्ली घेतल्यानंतर दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत काढून नाणी पाडण्यापर्यंत गेलेली पैशाची ओढ, सुरजमल जाटाचे दूर होणे, शुजाशी चाललेली बोलणी, या सर्वांसाठी पत्रांइतके भक्कम साधन दुसरे नाही. विश्वासराव कोणत्या प्रहरी पडले, यासाठी ती निरुपयोगी आहेत.

शिकस्ता

दप्तरदार यांनी मराठी कागदांविषयी लिहिले, त्याला फारसी बाजूची जोड देतो. कारण लढाईच्या दिवसाचे जे चित्र आपल्या मनात आहे, ते कळत-नकळत काशीराजाच्या नजरेतून आलेले आहे.

काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला कारभारी. तो रणांगणावर हजर होता आणि तहाच्या बोलण्यांत दोन्ही बाजूंच्या संपर्कात होता, म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. मात्र त्याने आपला वृत्तांत १७८० च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ २० वर्षांनी लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर जेम्स ब्राऊन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस केले आणि पुढे कित्येक दशके इतिहासकार त्याच भाषांतरावर विसंबून राहिले. जदुनाथ सरकारांनी १९३४ मध्ये नवे भाषांतर केले. आपल्या हातात यांपैकी कोणते आहे ते आधी पाहून घ्यावे आणि शक्य असल्यास सरकारांचे घ्यावे.

काशीराज वाचताना मी एक पथ्य पाळतो. प्रत्येक प्रसंगापाशी थांबून विचारतो की, हा माणूस त्या वेळी कोठे उभा होता? शुजाची फौज अफगाण वजीर शाह वली खान याच्या शेजारी होती आणि ती लढाईत फारशी उतरली नाही. मराठ्यांच्या हल्ल्याने वजिराची फळी विस्कटली, तेव्हा शुजाने काशीराजालाच चौकशीला पाठवले. वजीर घोड्यावरून उतरून जमिनीवर बसला होता आणि पळणाऱ्या आपल्या माणसांना देश फार दूर असल्याचे सांगत दूषणे देत होता, हे वर्णन काशीराजाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते मी जवळजवळ साक्षीसारखे स्वीकारतो. याउलट वजिराच्या पलीकडच्या बाजूला मराठ्यांकडील इब्राहिमखानाचे गारदी (कवायती पायदळ) अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांशी कसे झुंजले, हे त्याला स्वतःच्या जागेवरून सलग दिसणे कठीण होते. तेथे तो मागाहून ऐकलेले सांगतो आहे असे धरूनच चालावे. एकाच वृत्तांतातली पाने अशी वेगवेगळ्या प्रतीची असतात. संपूर्ण काशीराज विश्वसनीय किंवा संपूर्ण अविश्वसनीय, असा निवाडा करण्यात अर्थ नाही.

आकड्यांचेही तसेच. अब्दालीकडे ४१,८०० घोडदळ आणि ३८,००० पायदळ असल्याचे तो सांगतो. शुजाच्या छावणीत बसलेल्या कारभाऱ्याला स्वतःच्या बाजूचे आकडे बऱ्यापैकी ठाऊक असू शकतात, शत्रूच्या बाजूचे अंदाजाने. जदुनाथ सरकारांनी सर्व साधने तपासून अब्दालीकडे सुमारे ६०,००० आणि मराठ्यांकडे सुमारे ४५,००० लढाऊ माणसे धरली, ती काशीराज वाचूनच. म्हणजे वृत्तांत वापरायचा, पण त्यातला आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, याचा तो वस्तुपाठच आहे.

आणखी एक साधन आवर्जून पाहावे. लढाईनंतर अब्दालीने जयपूरच्या माधोसिंगाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि त्यात त्याने लढाईचे स्वतःचे वर्णन केले आहे. विजेत्याच्या हातचा, लढाईनंतर लगेच लिहिलेला कागद म्हणून ते मोलाचे आहे. पण ते एका राजपूत राजाला उद्देशून आहे, आणि आता हिंदुस्थानात कोणाचे चालते हे त्याला समजावे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. त्यात मराठ्यांच्या शौर्याची स्तुती आहे. तिचे अवतरण आपल्याकडे अभिमानाने दिले जाते, परंतु शत्रू जितका शूर तितका आपला विजय मोठा, हेही फतेहनाम्याचे, म्हणजे विजय कळवणाऱ्या पत्राचे, जुने तंत्र असते. अफगाण सरदार शाह पसंद खानाच्या पदरी असलेल्या मुहम्मद जाफर शामलूचा वृत्तांतही या जोडीला ठेवावा. तो अफगाण फौजेतून लढाईकडे पाहतो, काशीराजासारखा शुजाच्या गोटातून नव्हे.

निरूपक

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी दोघांनीही बखरींना दारातच उभे केले याची खंत वाटते. बखरीतले आकडे फुगवलेले असतात आणि संवाद रचलेले असतात, हे मान्य आहे. दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे उद्गार आपल्याला ठाऊक आहेत ते भाऊसाहेबांच्या बखरीमुळे. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर कोणी लेखणी घेऊन बसला नव्हता, हे कोणालाही समजते. पण या उद्गारांना पुरावा म्हणून बाद केले की त्यांचे काम संपत नाही. त्या पराभवातून गेलेल्या पिढीला आपल्या मृत सरदारांच्या तोंडी कोणते शब्द शोभून दिसले, कोणाला दोष द्यावासा वाटला आणि कोणाला वाचवावेसे वाटले, याचे बखर हे अस्सल साधन आहे. मल्हारराव होळकरांनी रण सोडल्याविषयी बखरी ज्या सुरात बोलतात, त्यावरून होळकरांनी नेमके काय केले हे कदाचित कळणार नाही. पण त्यानंतर शिंदे, होळकर आणि पेशवे यांच्या घरांतून एकमेकांविषयी काय बोलले जात होते, याचा अंदाज येतो. हे पत्रांतून येत नाही, कारण पत्रात माणूस जपून लिहितो.

नाना फडणिसांचे आत्मवृत्त मात्र कोणी उल्लेखिले नाही, याचे आश्चर्य वाटले. नाना तेव्हा अठरा वर्षांचे होते, आई आणि पत्नीसह छावणीत होते, आणि लढाईच्या दिवशी भाऊंच्या जवळपास होते. पळताना काय पाहिले, कसे वाचले, आई कशी अंतरली, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. तेही मागाहून लिहिलेले आहे आणि त्यात पश्चात्तापाचा, भक्तीचा सूर आहे, त्यामुळे लष्करी डावपेचांसाठी त्याचा उपयोग थोडा. परंतु काशीराज विजयी गोटातून पाहत होता आणि नाना मोडलेल्या फौजेतून, एवढ्या एका कारणासाठी ही दोन लिखाणे शेजारी ठेवून वाचलीच पाहिजेत.

जाता जाता एक गोष्ट. भाऊंच्या मृत्यूविषयी काशीराज प्रेताची ओळख पटवल्याची हकीकत तपशिलाने देतो, तरीही दक्षिणेत संशय इतका टिकून राहिला की भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्याने राज्य हलवून सोडले. रणांगणावरची माहिती पुण्याच्या लोकांना किती अपुरी वाटत होती, हे या प्रकरणाच्या कागदांवरून समजते.

दप्तरदार

निरूपक यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. बखर ही मनोवृत्तीचे साधन आहे, हे खरे. मात्र ती कोणाच्या मनोवृत्तीचे, हे ठरवण्यासाठी ती कोणी, कोणासाठी आणि केव्हा लिहिली हे निश्चित माहीत असावे लागते, आणि बखरींच्या बाबतीत घोडे बहुधा तेथेच अडते. पुष्कळशा प्रती नकलांच्या नकला आहेत आणि नक्कलकाराने मध्ये काय घातले ते सांगता येत नाही. म्हणून बखरीतला मजकूर वापरताना, तो पत्रांतून अन्यत्र येतो का ते मी आधी पाहतो. येत नसेल तर ‘बखर सांगते’ असे लिहून थांबतो. आत्मवृत्ताची आठवण करून दिली हे उत्तम झाले.

येथे एका चमत्कारिक प्रकाराकडेही लक्ष वेधतो. शेवटच्या रात्री भाऊंनी काशीराजाला स्वहस्ते चिठ्ठी लिहिली, की प्याला आता काठोकाठ भरला आहे, काही होण्यासारखे असेल तर करा, नाहीतर स्पष्ट उत्तर द्या, यापुढे लिहिण्या-बोलण्यास वेळ उरणार नाही. या मजकुराला सगळे पत्र म्हणतात. वस्तुतः तो आपल्याला काशीराजाच्या वृत्तांतातून मिळतो, म्हणजे ते २० वर्षांनंतरच्या आठवणीत जपलेले पत्र आहे. मला स्वतःला ते खरे वाटते, कारण त्याच्या भोवतीच्या घटना जुळतात आणि चिठ्ठी ज्याला आली तोच ती सांगतो आहे. तरीही टीप देताना ते दफ्तरातल्या अस्सल पत्राच्या रांगेत बसवू नये.

त्याच धर्तीवर दोन मोत्ये गळाली, मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्द्याची गणती नाही, या प्रसिद्ध सांकेतिक संदेशाचा माग आपल्या गटाने जरूर काढावा. तो सावकारी पत्रातून २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांना समजला असे सांगतात. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात तो इंग्रजीत येतो, आणि आज मराठीत त्याचे मोत्यांचे व मोहरांचे आकडे निरनिराळे दिले जातात. एखादे वाक्य कोणत्या कागदावरून कोणत्या ग्रंथात आणि तेथून आपल्या तोंडी कसे आले, हे शोधण्याचा याहून चांगला धडा नाही.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोविंदपंतांची पत्रे आता उलट्या बाजूने वाचण्याचा, म्हणजे प्रत्येक पत्रावरून समोरून काय उत्तर आले असावे याचा तर्क करण्याचा प्रयत्न करणार आहोत. एक व्यावहारिक शंका उरते. छापील खंडांत पुष्कळ पत्रांवर केवळ ‘छ’ आणि मुसलमानी महिना असतो, कधी नुसती तिथी असते आणि वर्ष कंसात दिलेले असते. पत्रांचा क्रम लावताना या तारखांवर कितपत भिस्त ठेवावी?

दप्तरदार

कंसातले वर्ष हे संपादकाचे असते, पत्रलेखकाचे नव्हे. ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. मजकुरावरून संपादकाने केलेला तो तर्क बहुतेक वेळा बरोबर असतो, परंतु १७५९ आणि १७६० या लागोपाठच्या वर्षांत तेच सरदार त्याच मुलखात अब्दालीशीच झुंजत असल्याने एका वर्षाचे पत्र दुसऱ्या वर्षात सहज जाऊन पडते. पेशवे दफ्तराच्या खंडांत पत्रांसोबत जो इंग्रजी सारांश येतो, तोही संपादकाचाच आहे. सारांश वाचून पुढे जाण्याची सवय लागली की मूळ साधने वाचण्याचा उद्देशच राहत नाही.

कालगणनेचे सांगायचे तर, लढाईचा दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. हिजरी ११७४, महिना जमादिलाखर. ‘छ’ म्हणजे त्या मुसलमानी महिन्याचा चंद्र, अर्थात तारीख. पुष्कळ कागदांवर सुहूर सन अक्षरी अरबी अंकांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. तो सन मृगापासून सुरू होत असल्याने जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात. जंत्री (तिथी-तारखांची कोष्टके) जवळ ठेवावी, आणि पत्रात वार दिला असेल तर तो तिथीशी जुळतो का ते प्रत्येक वेळी पडताळावे. छापताना किंवा मोडीवरून उतरवून घेताना झालेली चूक बहुधा येथेच पकडली जाते.

याहून उपयोगी खूण म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. काही पत्रांवर ‘पै॥’ असे लिहून पुढे तारीख असते, ती पैवस्तीची, म्हणजे पत्र मिळाल्याची. लिहिल्याची आणि मिळाल्याची अशा दोन्ही तारखा ज्या पत्रांवर आहेत, ती वेगळी काढून एका तक्त्यात मांडा. एप्रिल ते ऑक्टोबर १७६० मध्ये बातमीला किती दिवस लागत होते आणि नोव्हेंबरनंतर ते अंतर कसे बदलले, हे दिसू लागले की, भाऊंची कोणती आज्ञा गोविंदपंतांच्या हाती पडेपर्यंत शिळी झाली होती आणि कोणती वेळेवर पोचूनही अमलात आली नाही, हे निदान काही पत्रांपुरते वेगळे करता येईल. त्या तक्त्यात लढाईनंतरचे कागदही घ्यावेत, विशेषतः पडलेल्या शिपायांच्या मुलाबाळांना दिलेल्या बालपरवेशीच्या नोंदी. पथकांतल्या ज्या साध्या माणसांची नावे बखरीत नाहीत आणि काशीराजाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यांतली काही तेथे गावासकट सापडतात.